कान पोचला नाही

मी टाईप केलेला पहिला कागद बाईंनी माझ्यादेखत उभा फाडला. नोकरीला लागून मला चारच दिवस झाले होते. अंगावर नवी साडी, केसांत अबोलीचा गजरा, आणि समोर साठी ओलांडलेली, डोक्याला ओला पंचा गुंडाळलेली एक बाई माझ्या तासाभराच्या कष्टाचे दोन तुकडे करून टेबलावर ठेवते! 

"मी काय लिहिलं होतं?"

"‘मुलगा रडला नाही’ असं."

"आणि तू काय टाईप केलंस?"

"‘मुलगा रडला नसल्याचे आढळून आले.’"

"कुणाला आढळून आलं? तिथं मी होते आणि तो होता. तो रडला नाही, मी बघितलं. आढळून यायला ते काय हरवलेलं मांजर आहे?"

मी नेवाशाकडची. आमच्याकडं उलट बोलायला कुणाला शिकवावं लागत नाही. मी म्हटलं, "सरकारी भाषा अशीच असते, बाई."

"मग सरकारनं रडावं सरकारी भाषेत," असं म्हणून त्यांनी कोरा कागद स्वतःच्या हातानं माझ्या यंत्रात घातला. मी पुन्हा टाईप केलं. मनातल्या मनात शिव्या घातल्या, खोटं कशाला सांगू?

नव्वद साल उलटून दोन-तीन वर्षं झाली असतील. नगरच्या निरीक्षणगृहात, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी रिमांड होममध्ये, मी टायपिस्ट होते. पोलिसांनी धरलेली अल्पवयीन पोरं प्रकरण चालू असेपर्यंत तिथं राहायची. त्या वेळी कायद्यानं मुलाला सोळाची रेघ होती. गुन्ह्याच्या दिवशी सोळाच्या आत असेल तर त्याचं सगळं बालन्यायालयात व्हायचं. सोळा ओलांडलेला निघाला की मोठं कोर्ट, मोठ्यांचा जेल, मोठ्यांची शिक्षा. पोरगं रेघेच्या अलीकडचं की पलीकडचं असा वाद पडला की बालन्यायालयाचे साहेब मुलाच्या मनाची तपासणी करून अहवाल मागवायचे. तो अहवाल द्यायला दर मंगळवारी बाई यायच्या.

मानद तपासनीस, असं त्यांच्या नावापुढं लिहिलेलं असायचं. मानद म्हणजे फुकट. जन्मभर जिल्हा परिषदेच्या शाळांत त्या हेडबाई होत्या. कर्जत, जामखेड, पारनेर, जिथं कुणी बदली घेत नाही तिथं त्यांची बदली व्हायची, कारण तोंड. नोकरी करता करता बाहेरून मानसशास्त्रात एम.ए. केलं. रिटायर झाल्यावर लोक म्हणाले, आता आराम करा. या म्हणाल्या, "घरात बसून भिंतींची तपासणी करू का?" आणि माळीवाड्यातल्या आपल्या दोन खोल्यांना कुलूप लावून लूनावर बसून आमच्याकडं आल्या. ती लूना फाटकातून आत येताना रखवालदार आधी बाजूला व्हायचा, मग नमस्कार करायचा. तिच्या ब्रेकचा भरवसा नव्हता.

बाई फक्त पेन्सिलीनं लिहायच्या. डब्यात चार शिसपेन्सिली आणि अर्धं ब्लेड. तपासणी करताना पेन्सिल, अहवाल पेन्सिल, सहीपुरतं तेवढं माझं पेन मागायच्या आणि ते असं दोन बोटांत धरायच्या, जसं काही कुणाचं उष्टं आहे. मी एकदा विचारलं, "शाईचं एवढं काय वावडं?"

"शाईला वाटतं आपलं बरोबरच आहे," बाई म्हणाल्या. "आणि बघणाऱ्यालाही वाटतं."

तेव्हा मला हे म्हातारपणाचं खूळ वाटलं होतं.

आमच्याकडं पोरांना गावाच्या नावानं हाक मारायची रीत होती. ए राहुरी, ए जामखेड, ए कर्जत. नाव लक्षात ठेवायचा त्रास नको. बाईंना ते खपायचं नाही. त्या पोराला त्याचं नाव, आईचं नाव, बापाचं नाव असं सगळं लांबलचक म्हणून बोलवायच्या. एकदा आमचे अधीक्षक म्हणाले, "बाई, एवढं म्हणेपर्यंत पोरगं पळून जाईल." बाई म्हणाल्या, "स्वतःचं नाव ऐकायला तरी थांबेल."

पुण्याहून आलेली छापील चित्रांची एक पेटी संस्थेकडं होती. मुलाला चित्र दाखवायचं आणि गोष्ट सांगायला लावायची. एका चित्रात सुटाबुटातला माणूस, एकात पियानोपुढं बसलेली गोरी बाई. "जामखेडच्या पोरानं सांगितलं, ही बाई परटीण आहे, इस्त्री करतेय. मग मी काय लिहू, याला बुद्धी कमी? पियानो मी तरी कुठं पाहिलाय?" असं म्हणून बाईंनी पेटीवर अधीक्षकांच्या चहाचा थर्मास ठेवला, तो माझ्या नोकरीभर तिथंच होता.

बाईंची तपासणी म्हणजे चार कवड्या. फरशीवर खडूनं पट आखायचा, मधे भुईमुगाच्या शेंगांचा ढीग, समोर पोरगं. दोन-दोन तास खेळायचं. गुन्ह्याबद्दल चकार शब्द नाही. अधीक्षकांनी एकदा दारातून विचारलंच, "बाई, खेळायला येता की तपासायला?"

"तुम्ही जेवता की चावता?" बाईंनी मान वर न करता विचारलं.

पहिले दोन डाव त्या मुद्दाम हरायच्या. म्हणायच्या, "हरताना कुणीही शहाण्यासारखं तोंड करतं. जिंकताना वय कळतं." आणि बाई म्हणजे पोरांची कड घेणारी मायाळू आजी असं कुणाला वाटत असेल तर ते डोक्यातून काढून टाका. आमच्याकडं एक गोंडस चेहऱ्याचा मुलगा होता. अधीक्षकांचा चहा करायचा, येणाऱ्या-जाणाऱ्याच्या पाया पडायचा, सगळ्यांचा लाडका. तो बाईंशी खेळताना स्वतःच हरला, तेही बेमालूम. बाईंनी लिहिलं, "हा मुलगा मला खूश ठेवतो. कुणाला किती खूश ठेवायचं हे याला पक्कं कळतं. हा आता मूल राहिलेला नाही." अधीक्षकांनी आठ दिवस बाईंशी बोलणं टाकलं. त्या पोराला मात्र काहीच वाटलं नाही, तो बाईंनाही चहा देत राहिला.

आता ज्याच्यासाठी हे सगळं लिहायला बसले त्याच्याकडं येते. त्याचं नाव मी लिहिणार नाही. तो आज कुठंतरी आपला संसार करत असेल. आमच्याकडं त्याला ‘घोडेगाव’ म्हणायचे, कारण प्रकरण घोडेगावच्या जनावरांच्या बाजारात घडलं होतं.

त्यानं मारलं का, हा प्रश्नच नव्हता. भर बाजारात, शंभर माणसांपुढं मारलं होतं. त्याच्या बापाचं आणि एका दलालाचं गायीच्या सौद्यावरून वाजलं. दलाल बापाला खाली पाडून छातीवर बसला. पोरानं दावणीची लाकडी मेख उपटली आणि मागून त्याच्या डोक्यात घातली. एकदाच. तिसऱ्या दिवशी दलाल दवाखान्यात वारला. त्यालाही बायको होती, दोन लेकरं होती. कोर्टाच्या बाहेर पायरीवर ती बसलेली असायची, आणि बाई आत जाताना दर वेळी तिच्यापुढं क्षणभर थांबायच्या.

प्रश्न एवढाच होता, की त्या दिवशी हा सोळाचा होता की नव्हता. ते ठरल्याशिवाय त्याचं पुढचं काहीच ठरत नव्हतं.

बापाला विचारलं तर तो हात जोडून म्हणाला, "सायेब, बैल दोन दाती हाय का चार दाती त्ये मी तोंड उघडून सांगतो. पोराचं म्या कवा मोजलं? त्ये मास्तरला ठावं." आई म्हणाली, संक्रातीच्या आगंमागं झाला, साल काय मला लिवता येत न्हाई. दवाखान्यात नेऊन त्याच्या मनगटाचा एक्स-रे काढला, दात मोजले. डॉक्टरांनी लिहून दिलं, पंधरा ते सतरा. घ्या! म्हणजे रेघेच्या अलीकडं, रेघेवर आणि रेघेच्या पलीकडं, तिन्ही ठिकाणी पोरगं उभं. परत आणताना मी विचारलं, "काय रे केलं डॉक्टरनं?"

"दात बघितलं," तो म्हणाला. "बाजारात बी आसंच करत्यात. फकस्त तितं शेपूट बी वर करून बघत्यात."

मी हसले, आणि मग माझी मलाच लाज वाटली.

बाईंकडं तो पहिले दोन मंगळवार नुसता बसून राहिला. शेंगांना हात नाही, कवड्यांना हात नाही. बाईही बसून राहिल्या. तिसऱ्या मंगळवारी त्यानं एक शेंग फोडली, दाणे खाल्ले आणि टरफलं खिशात घातली. बाईंनी विचारलं, टरफलं कशाला? "गाय खाती." मग त्याच्या लक्षात आलं की इथं गाय नाही. तरी टरफलं खिशातच ठेवली. चौथ्या मंगळवारी तो खेळला. मी शेजारच्या टेबलावर होते, म्हणून हे माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. बाईंची सोंगटी घराजवळ आली होती आणि याला चार पडायला हवे होते. तीन कवड्या उताण्या पडल्या, एक पालथी. पोरानं मांडी बदलल्यासारखं करून पायाच्या अंगठ्यानं ती उलटवली.

"चार पडलं बाई!"

"पडले का?" बाई म्हणाल्या.

"व्हय की. चारी उतान्या हायेत, तुमीच बघा." आणि टाळी वाजवून हसला. आल्यापासून पहिल्यांदा हसला.

तो गेल्यावर मी म्हटलं, "बाई, लबाडी केली त्यानं."

"केलीच. पण लबाडी करताना तो बघत कुठं होता?"

"कवडीकडं."

"बघ. मोठा माणूस लबाडी करताना समोरच्याच्या डोळ्यांकडं बघतो, कळलं की काय याला म्हणून. हा नुसता कवडीकडं बघत होता. मी पण तिथं आहे हेच याच्या ध्यानात नव्हतं. बाजारात पण तेच झालं असणार. छातीवर बसलेला माणूस दिसला, पुढचं काहीच दिसलं नाही." आणि पेन्सिलीला टोक करायला बसल्या.

अहवालात त्यांनी हेच लिहिलं. मी एकही ‘आढळून आले’ न घालता टाईप केला. शेवटचं वाक्य होतं, "माझ्या मते हे चौदा-पंधरा वर्षांचं मूल आहे, आणि याला मूल म्हणूनच वागवावं."

आणि तारखेच्या दिवशी सरकारी वकिलांनी शाळेचा दाखला काढला. जन्मतारीख एक जून. हिशेबानं पोरगं गुन्ह्याच्या दिवशी सोळा वर्षं दोन महिन्यांचं. दाखला खरा, शिक्का खरा. वकील साहेब गोड हसत म्हणाले, "एकीकडं सरकारी रजिस्टर, दुसरीकडं बाईंच्या कवड्या. कशावर विश्वास ठेवायचा ते न्यायालयानं ठरवावं." बालन्यायालयाच्या साहेबांनी बाईंना पंधरा दिवस दिले. वेगळं काही दाखवायचं असेल तर दाखवा, नाहीतर मुलगा मोठ्या कोर्टाकडं जाईल.

बाई खवळल्या. दुसऱ्या दिवशी मला हाताला धरून तारकपूरच्या स्टँडवर नेलं आणि औरंगाबादच्या गाडीत बसवलं. त्या पोराची शाळा घोडेगावच्या अलीकडं आत होती. रस्ताभर बाई त्या न पाहिलेल्या हेडमास्तराचा उद्धार करत होत्या. "एक जून! गावातली सगळी पोरं एकाच दिवशी जन्मली का रे मेल्या? आई विचारायची नाही, बाप विचारायचा नाही, पेन उचलायचं आणि ठोकून द्यायचं. मास्तर कसला, मुकादम!" पुढच्या सीटवरचे गुरुजी दिसणारे गृहस्थ वळून बघायला लागले.

मी म्हटलं, "बाई, माझाही एक जूनच आहे."

"खरा कुठला?"

"आई म्हणते, नवरात्रात झाले. आमच्या बौद्धवाड्यातली सगळी पोरं एक जूनची. बापानं भांडून शाळेत घातलं तेव्हा मास्तरांनी काय लिहिलं ते त्यांनाच ठाऊक."

"कुठल्या गाढवानं लिहिलं?" बाई म्हणाल्या, आणि माझ्यासाठीही दोन शिव्या मोजल्या. बरं वाटलं, खरं सांगते.

शाळेचे मास्तर बिचारे तरुण होते. बाईंचा अवतार बघून उभेच राहिले. म्हणाले, "बाई, हे पोरगं आमच्याकडं दुसरीत आलं. पहिलीला त्याच्या आजोळी होतं, कर्जतकडं. तिथनं आलेल्या दाखल्यावरची तारीख आम्ही चढवली. आमच्या मनाचं काही नाही." मग त्यांनी दोऱ्यानं बांधलेला जुना गठ्ठा सोडला, धूळ झटकली आणि तो कर्जतकडचा दाखला काढून बाईंपुढं ठेवला.

बाईंनी चष्मा वर केला. कागद हातात घेतला. मी वाट बघत होते की आता त्या मास्तरला काय काय ऐकावं लागतंय. पण बाईंची नजर कागदावरून उठेना. मी वाकून पाहिलं. ठसठशीत, गोल, उजवीकडं जरा झुकलेलं अक्षर. दर मंगळवारी मी जे वाचून टाईप करत होते तेच. खाली मुख्याध्यापिका म्हणून सही.

"पाणी द्या जरा," बाई म्हणाल्या.

परतीच्या गाडीची वाट बघत आम्ही फाट्यावर बसलो होतो, तेव्हा त्यांनी सांगितलं. "पहिलीला सहा पुरी लागायची. वस्तीवरचं पोरगं सहाचं होईपर्यंत थांबलं की शेरडांमागं जायचं, मग ते काय हाताला लागतंय? मी पाचच्यालाच धरून आणायची आणि सहाचं लिहायची. या पोराला कधी लिहिलं ते मला आठवतसुद्धा नाही. अशी किती लिहिली." मग म्हणाल्या, "माझ्या पटाला पण लागायची. पट कमी झाला की दुसरा मास्तर काढून घ्यायचे. पोरांसाठी लिहिलं हे खरं, आणि पटासाठी लिहिलं हेही खरं."

मी म्हटलं, "बाई, गप्प बसा. हे कुणालाच माहीत नाही. तो दाखला तिथंच राहू द्या. आईची जबानी पुन्हा घेऊ, दुसरा डॉक्टर बघू. तुम्ही बोललात तर पेन्शन जाईल, आणि वर आजवरचे सगळे अहवाल खोटे ठरवतील. स्वतःच्या पायावर कशाला धोंडा पाडून घेता?"

बाईंनी माझ्याकडं असं बघितलं की मला त्या फाडलेल्या कागदाची आठवण झाली.

"पेन्शन गेली तर म्हातारीची जाईल. त्याला दाढी फुटेल ती जेलात फुटेल. कळतंय का तुला?" आणि मग जरा खालच्या आवाजात, "त्या शाळेचं जनरल रजिस्टर शाबूत असेल तर त्यात शेऱ्याच्या रकान्यात बघायला सांगू. मी पेन्सिलीनं लिहायची."

"काय?"

"खरं काय ते."

पुढचे बारा दिवस मला झोप नव्हती. दहा वर्षांपूर्वीची पेन्सिल. उंदरानं खाल्लं असेल, पावसात भिजलं असेल, एखाद्या टापटिपीच्या मास्तरानं रबरानं पुसलं असेल. बाई मात्र मंगळवारी आल्या, खेळल्या, आणि पोरानं पुन्हा कवडी उलटवली तेव्हा त्याला कान धरून ओरडल्याही.

तारखेला कर्जतकडच्या शाळेतून एक मास्तर पिशवीत रजिस्टर घेऊन आले. बाई साक्षीच्या पिंजऱ्यात उभ्या राहिल्या. शपथ घेतली. सरकारी वकिलांनी दाखला पुढं धरून विचारलं, "हा दाखला खोटा आहे असं आपलं म्हणणं आहे?"

"दाखला खरा आहे. त्यातली तारीख खोटी आहे."

"कशावरून?"

"मी लिहिलीय म्हणून."

वकील साहेबांनी दाखल्यावरची सही बघितली, मग बाईंकडं बघितलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे काही आलं ते मी अजून विसरले नाही. मेजवानीच वाढली होती त्यांना! "म्हणजे तपासनीस बाई स्वतः सरकारी रजिस्टरात खोट्या नोंदी करत होत्या. आणि आज मुलगा वाचवायला ही नवीन गोष्ट."

"गोष्ट जुनी आहे," बाई म्हणाल्या. "शेऱ्याचा रकाना बघावा."

न्यायाधीश साहेबांनी रजिस्टर पुढं ओढलं. पानं उलटली. बोट ठेवून रांग शोधली. मग खुर्चीतून उठून खिडकीपाशी गेले आणि पान उजेडाला धरलं.

"‘कान पोचला नाही. १.’" साहेबांनी वाचलं. "याचा अर्थ काय?"

बाईंनी पिंजऱ्यात उभ्या उभ्या उजवा हात उचलला, डोक्यावरून पलीकडं नेला आणि डावा कान धरला. "गावाकडं पोराचं वय असं बघतात, साहेब. असा कान धरता आला की पोरगं सहाचं. याला आला नाही. तरी कागदावर मी सहा लिहिले. जेवढी वर्षं वाढवली तेवढा आकडा पुढं पेन्सिलीनं टाकला."

"हात आखूड असेल!" वकील साहेब म्हणाले. "डोकं मोठं असेल!" मागं दोघे-तिघे हसले.

"असेल. म्हणून तर आईलाही विचारलं होतं. कान पोचला नाही आणि आई पाच म्हणाली, तेव्हाच एक लिहिला. आणि हे एकट्याचं नाही. पान उलटा, कुणापुढं एक आहे, एकीपुढं दोन आहेत. कान पोचला त्यांच्यापुढं काहीच नाही. दहा वर्षांपूर्वी याच्या हातून खून होणार आहे हे मला स्वप्नात दिसलं होतं का?"

साहेब रजिस्टर हातात धरून खुर्चीत येऊन बसले. त्यांचा एक हात नकळत डोक्यावरून कानाकडं निघाला होता, तो त्यांनी मधेच खाली घेतला.

"शाईनं खोटं लिहायचं आणि पेन्सिलीनं खरं, ही कुठली पद्धत?" वकिलांनी विचारलं. "चुकीचं वाटत होतं तर लिहिलंत कशाला?"

बाई वकिलांकडं बघत नव्हत्या. साहेबांच्या डोळ्यांत बघून बोलत होत्या. "पोरगं शाळेत यावं म्हणून लिहिलं आणि माझा पट भरावा म्हणूनही लिहिलं. दोन्ही खरं. चूक माझी आहे, शिक्षा मला करा. उद्या त्याच वस्तीवर परत पाठवलंत तर उद्या परत लिहीन, हेही सांगून ठेवते. पण मी एका वर्षाची लबाडी केली म्हणून या पोरानं ते वर्ष जेलात भरावं, हे मला मान्य नाही. हा तेव्हाही लहान होता म्हणून मी लिहून ठेवलंय. आताही लहान आहे म्हणून लिहून दिलंय. दोन्ही वेळा पेन्सिलीनं."

"साक्षीदारानं विचारलं तेवढंच सांगावं," साहेब म्हणाले. पण आवाजात राग नव्हता.

आठ दिवसांनी हुकूम झाला. मुलगा गुन्ह्याच्या दिवशी सोळाच्या आत होता, प्रकरण बालन्यायालयातच चालेल. पोराला मी फाटकाशी सांगितलं तर तो म्हणाला, "म्हंजी आता गायीकडं जायचं?" मी म्हटलं, नाही रे बाबा, अजून नाही, लई दिवस नाही. त्या दिवशी कोर्टाच्या पायरीवर दलालाची बायको बसली होती, तिनं पदर तोंडावर घेतला. बाई तिच्यापुढं थांबल्या, आणि या वेळी तिच्या शेजारी पायरीवर बसल्या. बराच वेळ बसल्या होत्या.

आणि मग ते पत्र. अधीक्षकांनी मला आत बोलावून सांगितलं, "लिहून घ्या. आपल्या पूर्वसेवेत गंभीर अनियमितता आढळून आल्याने आपल्या मानद सेवेची यापुढे आवश्यकता नाही."

मी बाहेर आले आणि टाईप केलं, ‘आपण न्यायालयात खरे सांगितल्यामुळे आपल्या मानद सेवेची यापुढे आवश्यकता नाही.’ सहीला नेऊन ठेवलं. अधीक्षक वाचून असे काही ओरडले की रखवालदार आत आला. मला नोकरीची भीती वाटली नाही असं नाही. घरी बाप आजारी होता, माझ्यावर घर होतं. दुसऱ्यांदा मी त्यांच्या शब्दांत टाईप केलं. कागद माझ्याच हातानं पोस्टात टाकला.

पुढच्या मंगळवारी बरोबर अकरा वाजता लूना फाटकाशी आली. रखवालदार बाजूला झाला, नमस्कारही केला, पण फाटक उघडेना. मंगळवार हा पोरांच्या नातेवाइकांच्या भेटीचाही वार. बाईंनी लूना भिंतीला लावली आणि राहुरी, शेवगाव, पाथर्डीहून आलेल्या आया-बापांच्या रांगेत जाऊन उभ्या राहिल्या. ऊन मी म्हणत होतं. डोक्यावर ओला पंचा, हातात शेंगांची पुडी, कमरेला कवड्यांचा बटवा.

भेटीचं रजिस्टर त्या दिवशी माझ्या टेबलावर होतं. नाव, गाव, मुलाचं नाव, मुलाशी नातं. बाईंचा नंबर आला. मी उठून उभी राहिले.

"बस खाली," बाई म्हणाल्या. "पेन दे."

मी त्यांच्या डब्याकडं बघितलं. "पेन्सिल नाही आणली?"

"पेन दे म्हटलं ना?"

त्यांनी पेन घेतलं, या वेळी घट्ट धरलं. नाव लिहिलं. गाव लिहिलं. पोराचं नाव लिहिलं, आईच्या, बापाच्या नावासकट. आणि नात्याच्या रकान्यात त्याच गोल, झुकलेल्या अक्षरात लिहिलं, ‘याचं एक वर्ष मी वाढवलं होतं.’

तेवढ्यात अधीक्षक आलेच. रजिस्टर फिरवून घेतलं, वाचलं, आणि माझ्यावर कडाडले, "हे काय नातं झालं?"

मागं रांग थांबली होती. आतून, जाळीपलीकडून, ते पोरगं बाईंना बघून हात हलवत होतं.

"झालं की साहेब," मी म्हटलं. "रजिस्टरात आलंय, शाईनं. आता ते खरंच."

मी रजिस्टर मिटलं आणि रखवालदाराला फाटक उघडायला सांगितलं.